ढोबळे साहेबांनी पाहिलेला पक्षी

ढोबळे साहेब जेवायला बसले की कधी कधी पोळीच्या मधोमध कंपासचं टोक रोवून ती गोल आहे का ते बघत. ही ऐकीव गोष्ट नाही. समोर बसून, तोंडातला घास तसाच धरून, मी हे पाहिलेलं आहे. कंपासची पेन्सिल पोळीच्या कडेकडेनं फिरली, एका जागी हवेत गेली, आणि साहेब स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सुमन, ईशान्येले पाव इंच कमी भरते वं."

आतून वहिनींचा आवाज आला, "तेवढी ईशान्य मी खाल्ली म्हणा."

मी हसलो. तिथं चुकलं. साहेबांनी कंपास माझ्याकडे वळवला. "तुले काहून हसू येऊन राहिलं, पाठक? ईशान्य कुठं हाय ते तरी सांग."

मी आत्मविश्वासानं हात केला. तिकडे नैऋत्य होती. माझी पोळी त्यांनी तपासलीसुद्धा नाही, म्हणाले, "याले कशीही चालते."

साहेब सिंचन खात्यात मुख्य आरेखक होते आणि मी त्याच कचेरीत कारकून. धरणं इंजिनियर बांधत, पण त्याआधी ती कागदावर साहेबांच्या पेन्सिलीतून उभी राहत. आडनाव ढोबळे आणि रेघ केसाएवढी. हा विनोद मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात केला आणि पुढची सगळी वर्षं फेडला. माझ्या निरोप समारंभाला साहेब मुद्दाम आले. ते स्वतः आधीच निवृत्त झाले होते. माइक हातात घेऊन म्हणाले, "पाठक खात्यात तेहतीस वर्षं होते. खात्याले पत्ता लागला नाही." आणि खाली बसले. संपलं भाषण. सगळ्यात मोठ्यानं माझी बायको हसली.

अशा माणसाकडे दर रविवारी मी का जात होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सांगायला कारण होतं पक्ष्यांचं. हिवाळ्यात आमची टोळी पहाटे स्कूटरवर निघे. कधी रामटेककडचे तलाव, कधी उमरेडच्या बाजूचे. टोळी म्हणजे तिघे. साहेब, मी, आणि आवक-जावकचा बंडू काळे. साहेबांची एक जाड वही होती. तिच्यात पक्ष्यांची चित्रं होती, पण आराखड्यासारखी: टिटवीच्या पायाला बाण काढून लांबी लिहिलेली, बदकाच्या चोचीचा उभा छेद. चित्रं इतकी जिवंत होती की ती बघताना माणूस शिव्या विसरे. बहुतेक त्यासाठीच मी जात असेन.

वहीचा कायदा असा होता. पक्षी पाहिला म्हणणाऱ्यानं पुन्हा दुर्बिणीला डोळा न लावता तीन गोष्टी सांगायच्या: चोच कशी, पाय कसे, उडताना काय दिसलं. शिवाय दुसऱ्या कोणीतरी तोच पक्षी पाहून वहीत सही करायची. यातलं एकही कमी पडलं की साहेब पिशवीतून शिक्का काढत. कचेरीतला जुना रबरी शिक्का, 'नामंजूर'. सोबत शाईचा डबा. तळ्याच्या काठावर, स्कूटरच्या सीटवर वही ठेवून ते तो असा हाणत की पलीकडची बदकं उठत.

सगळ्यात जास्त नामंजूर माझे. रामटेकच्या वाटेवर एकदा मी गरुड पाहिला. चोच सांगितली, पाय सांगितले, उडताना लांब शेपटी दिसली असंही सांगितलं. बंडू सही करायला पुढे झाला तेवढ्यात गरुड कटला. जानेवारीचे दिवस होते. कोणाचातरी संक्रांतीचा पतंग होता. साहेबांनी शिक्का वहीवर मारला आणि शाई उरली म्हणून माझ्या मनगटावरही मारला. तसाच मी सोमवारी कचेरीत गेलो.

माझं ठीक होतं. माझी कातडी जाड आहे. बंडूची नव्हती.

बंडू उमरेडचा. एसटीनं रोज जाऊन-येऊन करायचा. एका संध्याकाळी तो बायकोला घेऊन साहेबांच्या घरी आला, हातात पेढ्यांचा पुडा. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. बसच्या खिडकीतून त्याला धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली होती. आमच्या भागात सारस म्हणजे काय चीज आहे ते पक्षी बघणाऱ्यांना सांगायला नको. मी तिथंच बसलो होतो.

"चोच?" साहेबांनी विचारलं.

"लांब, जी."

"बगळ्याची बी लांब असते. पाय?"

"पाय धानात होते, साहेब."

"उडाले?"

"नाही जी. बस सुटली."

"चोच सांगता येत नाही, पाय दिसले नाही, उडाले नाही. मंग तुले दिसलं काय बे? बगळे पाहिले अन् पेढे घेऊन आला. उचल ते."

शिक्का खाडकन वाजला. बंडू हसला, म्हणजे त्यानं दात दाखवले. मग पेढे पुन्हा पुड्यात भरू लागला. त्यातला एक खाली घरंगळला तो बायकोनं वाकून उचलला. मी मोठ्यानं हसत होतो, कारण या वेळी शिक्का माझ्यावर पडला नव्हता. बंडू त्यानंतर रविवारी आला नाही.

पुढच्या रविवारी साहेब एकटेच पहिल्या एसटीनं उमरेडच्या बाजूला गेले. दिवसभर बांधावर उभे राहिले. दुपारी त्यांना सारस दिसले, जोडी, नाचताना. घरी येऊन त्यांनी वहीत अख्खं पान चितारलं, आणि सोबत साक्षीदार नव्हता म्हणून स्वतःच्या नोंदीवर स्वतःच्या हातानं नामंजूरचा शिक्का मारला. ते पान मला दाखवलं तेव्हा मी विचारलं, "बंडूले कळवलं का?"

साहेब खरोखर बुचकळ्यात पडले. "त्याले काहून कळवू? त्यानं तर पाहिलेच होते."

पुढच्या उन्हाळ्यात बंडू गेला. झोपेतच. घाटावर साहेब शेवटपर्यंत उन्हात उभे होते. मीच तिथं जमलेल्यांना पतंगाचा किस्सा सांगून हसवलं. माझं तोंड असं आहे.

वहीत एक पान मात्र वर्षानुवर्षं कोरं होतं. वर फक्त नाव: क्रॅब प्लोव्हर. चिखलात खेकडे मारून खाणारा, काळा-पांढरा, समुद्राकाठचा पक्षी. नागपूरकराच्या नशिबात नाही. साहेब म्हणत, "आपण देशाच्या असे बरोब्बर मधात बसलो की समुद्र कोणत्याही बाजूनं जवळ नाही." पण पान त्यांनी राखून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर जाऊ म्हणाले, मग घर दुरुस्त झाल्यावर म्हणाले, मग मुलगी बंगलोरला बाळंत झाली. अशी वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीचा फराळ द्यायला गेलो तेव्हा वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. असं त्या कधी करत नसत.

"पाठकभाऊ, त्यायचे डोळे चालले," त्या म्हणाल्या. "मधातलं गेलं. कडेकडेनं दिसते. डॉक्टर म्हणते, वाढतच जाईन. कोणाले सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली त्यायनं. मी तुमाले सांगून राहिले, कारण आता ते त्या पक्ष्यासाठी जायचं म्हणतात. मी एकटी कशी नेऊ? तुम्ही न्या. दिसत हाय तोवर दाखवून आणा."

मी म्हणालो, नेतो की.

"अन् नाही दिसलं त्यायले, तर हसू नका. आल्यावर कोणाजवळ बोलू नका. तुमच्या तोंडाचंच मले भेव वाटते."

मी देवाची शपथ घेतली. कोणत्या देवाची ते आता आठवत नाही.

आम्ही जानेवारीत निघालो. आगगाडीनं अहमदाबाद, तिथून बस, मग आणखी एक बस. हा पक्षी हिवाळ्यात येतो ते गुजरातच्या किनाऱ्यावरचं राखीव मिठागर. वनखात्याचं फाटक, तिकीट, 'पायवाट सोडू नका' अशी पाटी, आणि फाटकापलीकडे पांढरं. नुसतं पांढरं. मैलच्या मैल मिठाची साय धरलेली सपाट जमीन, मधे मातीचे बांध, बांधांमध्ये उथळ पाणी, आणि लांब क्षितिजाला तिवरांची हिरवी रेघ. जिकडे बघावं तिकडून ऊन डोळ्यांत शिरत होतं. चांगल्या डोळ्यांनाही धार लागावी अशी जागा, आणि मी तिथं कोणाला घेऊन आलो होतो!

मी खास प्रवासासाठी संत्र्याच्या रंगाचा नवा शर्ट शिवला होता. वाटाड्या म्हणून मिळालेल्या वेलजीभाईंनी तो पाहिला आणि हात जोडले. "साहब, ये पहन के जाओगे तो पंछी पाकिस्तान चले जायेंगे." वेलजीभाई आधी मिठागरात कामाला होते, टाचा मिठानं चिरल्या होत्या. त्यांनी त्यांची मळकी चादर माझ्या अंगावर टाकली. दोन दिवस मी चादरीत हिंडलो.

पहिल्या सकाळी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले. हजारो. उथळ पाण्यात डोकं उलटं घालून चाललेले, आणि मग एकदम सगळे उठले तेव्हा आभाळाच्या खालच्या काठाला गुलाबी रंग चढला. साहेब बांधावर उभे होते. त्यांनी मान वळवली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी तिरपी, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"दिसून राहिले?" मी विचारलं.

"गुलाबी दिसते," ते म्हणाले. "लय गुलाबी."

त्यांच्या तोंडून 'लय' मी पहिल्यांदा ऐकला. हा माणूस 'सुमारे' हा शब्दसुद्धा वापरू देत नसे.

दुपारी मी पायवाट सोडली. वर मिठाचा कडक पापुद्रा दिसला, वाटलं, जमीनच आहे. पापुद्र्याखाली काळा चिखल होता. डावा पाय मांडीपर्यंत गेला, वेलजीभाई ओरडत आले, दोघांनी मला उपटून काढलं. चप्पल राहिली ती राहिली. वेलजीभाईंनी काठीनं ढवळून पाहिलं तर काठीला दुसऱ्याच कोणाची चप्पल लागली, जुनी, उजव्या पायाची. मी चिखलानं भरलेला, चादर पांघरलेला, हातात परक्याची चप्पल. इतकं आयतं सोंग समोर असूनही ढोबळे साहेब काही बोलले नाहीत. म्हणाले, "लागलं का रे?"

मला भीती वाटली. खरं सांगतो, चिखलात जाताना वाटली नाही इतकी तेव्हा वाटली.

तेहतीस वर्षं आणि वर निवृत्तीची वर्षं हा माणूस मला झोडपत आला, आणि आता 'लागलं का'. रात्रभर मी त्या 'लागलं का'चाच विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी क्रॅब प्लोव्हरसाठी आम्ही समुद्राच्या बाजूच्या शेवटच्या बांधावर गेलो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी खेकड्यांवर येतो, असं वेलजीभाई म्हणाले. त्यांनी साहेबांसाठी घडीची खुर्ची आणली होती. पाणी मागे सरकलं. चिखल उघडा पडला, चकाकायला लागला. उचाट्या आले, शेकाट्या आले, लहान-मोठे पाणपक्षी धावत आले. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुसली, लावली. काच स्वच्छ होती. तो पक्षी आला नाही. दोन तास गेले. वेलजीभाई म्हणाले, पलीकडच्या मोरीजवळ बघून येतो, आणि बांधावरून निघून गेले.

आम्ही दोघेच उरलो. वही साहेबांच्या मांडीवर उघडी, कोरं पान वाऱ्यानं फडफडत होतं, त्यावर त्यांचा पंजा.

समोर चिखलात, दोन-अडीचशे पावलांवर, एक खुंटी रोवलेली होती. तिला खताची रिकामी बोरी अडकलेली. पांढरी, वर काळी अक्षरं. वाऱ्यानं मधून मधून हलत होती.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि का केलं तेही सांगतो. मला शिवी हवी होती. मला वाटलं, जगातला सगळ्यात गाढवपणाचा दावा करावा, म्हणजे साहेब उसळतील, 'बोरी हाय बे ते, पाठक, आंधळा झाला का' म्हणून पिशवीत हात घालतील, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. त्यांना बोरी दिसत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला दिसत होती ना! शिवाय पुरतं खरं सांगायचं तर मनगटावरच्या त्या जुन्या शाईची खाजही थोडी होतीच.

मी एकदम उभा राहिलो. "साहेब! तो पाहा! खुंटीच्या बाजूला! काळा-पांढरा!"

साहेबांनी दुर्बीण उचलली. डावीकडे फिरवली, उजवीकडे, मग खाली ठेवून मान तिरपी केली. मी ओठ चावून हसू दाबत शिवीची वाट पाहत होतो.

"दिसला," ढोबळे साहेब म्हणाले.

मी पुन्हा बोरीकडे पाहिलं. बोरीच होती.

"दिसला गा, पाठक. आहाहा. चोच काळी. जाड हाय, सुरीवाणी. पाय लांब, निळसर राखाडी." बोरी वाऱ्यानं उचलली गेली आणि पडली. "उडाला! पाठीवर काळा पट्टा पाहिला काय? अन् पाय शेपटीच्या मागं लोंबते, पाहिलं? पाहिलं काय तू?"

"हो जी," मी म्हणालो.

"कर सही."

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. ज्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सारस साक्षीदार नाही म्हणून खोडले, त्यानं बोरीपुढे वही धरली. मी सही केली. पेन चाललं नाही म्हणून दोनदा केली.

इतक्यात बांधावरून वेलजीभाई धावत आले. "आया साहब! तीन आये हैं, मोरी के पीछे! दस मिनट का रास्ता है, जल्दी चलो, पानी चढ़ने लगा है!"

मी साहेबांचा दंड धरला. "चला, साहेब. तीन आहेत म्हणतात."

"कशाले? पाहून झाला आपला."

"कहाँ देखा?" वेलजीभाईंनी विचारलं.

साहेबांनी हात करून दाखवलं. वेलजीभाईंनी तिकडे पाहिलं. बोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी साहेबांच्या पाठीमागे उभा राहून हात जोडले. वेलजीभाई काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मिठानं जळलेल्या त्या चेहऱ्यावर जे होतं ते मला एकाही शिक्क्यात मिळालं नव्हतं.

"हाँ साहब," ते साहेबांना म्हणाले. "वही है. फिर भी चलो ना. पास से देखो."

"एकदा पाहिलेला पुन्हा लिहीत नाही. गुडघे दुखून राहिले माझे. पाठक, तू जा."

इथं मला सगळं सांगून टाकता आलं असतं. बोरी आहे साहेब, चूक झाली, उठा, खरे आलेत. खांद्यावर घालून नेलं असतं वेलजीभाईंनी. त्या तिरप्या नजरेत, जवळून, काळं-पांढरं काहीतरी हललेलं त्यांना नक्की दिसलं असतं. पण मग त्यांचं 'दिसला' खोटं ठरलं असतं, तेही माझ्यासमोर. मी भित्रा माणूस आहे. मी एकटा गेलो.

तीन होते. दोन मोठे आणि एक करड्या पाठीचं पोर. अगदी जवळ. साहेबांनी सांगितले तसेच, तंतोतंत. एकानं खेकडा उचलून आपटला, पोरानं तो चोचीतून ओढून घेतला. मी मोबाईल काढला तर हात चिखलाचे. फोटोत तीन ठिपके आले. मग पाणी चढलं आणि ते उडाले, पाय शेपटीमागे लोंबत.

परत आलो तेव्हा साहेब वहीच्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होते. रेघ कागदाबाहेर पॅन्टवर गेली होती. मी सांगितलं नाही.

नागपूरला आल्यावर साहेबांचा भाव वधारला. शहरात पक्षी बघणारी बरीच तरुण मंडळी आहे. त्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे. साहेब तिथं आपले एकदम मोठे झाले. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बसवून सांगत: चोच, पाय, उडताना पट्टा. वहिनी मला दाराआड म्हणाल्या, "तुमचे उपकार हाय, पाठकभाऊ. लय दिवसांनी धड जेवून राहिले." मी मान खाली घालून पोहे खाल्ले.

चार महिने तोंड बंद ठेवलं. माझ्या हिशेबी हा विक्रम होता. मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत गप्पा रंगल्या. प्रत्येक जण सहलीचे किस्से सांगत होता. मी चिखलाचा सांगितला, चादरीचा सांगितला, परक्या चपलेचा सांगितला. सगळे पोट धरून हसत होते. "मंग? पुढं?" म्हणाले. पुढे बोरी होती. मला माहीत होतं, इथं थांबायचं. पण समोर सात-आठ माणसं तोंडं उघडी ठेवून बसलेली असली की माझं थांबत नाही. मी बोरी सांगितली. साहेबांचा आवाजही काढला. तिरपी मान करून दाखवली. "दिसला गा, पाठक!" एक जण तर हसता हसता बाकावरून खाली बसला. असा किस्सा मी आयुष्यात रंगवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या ग्रुपवर खताच्या बोरीचा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं: दुर्मीळ पक्षी, ज्येष्ठांच्या नोंदीनुसार. आणि त्याखाली पूर्ण किस्सा, माझ्याच शब्दांत.

साहेबांना तोवर वाचता येईनासं झालं होतं. ग्रुपवरचे निरोप वहिनी रोज सकाळी चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवत. त्या दिवशीचाही त्यांनी वाचायला घेतला. निम्म्यात त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या.

"वाच," साहेब म्हणाले.

"काही नाही जी त्याच्यात."

"वाच म्हणलं ना."

त्यांनी शेवटपर्यंत वाचला. हे मला त्यांच्या मुलीनं बंगलोरहून फोन करून सांगितलं. एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

जायला मला आठ दिवस लागले. वहिनींनी दार उघडलं, "या" म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. त्या घरात कोणीही आलं की आधी चहा विचारतात. मला पाणीही आलं नाही. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, बनियनवर, हात मांडीवर. मी समोर उभा राहिलो.

"साहेब, मी पाठक."

"हं. बोरी कशाची होती?"

"खताची."

"रिकामी?"

"हो जी."

"किती दूर?"

"दोन-अडीचशे पावलं असेल."

"अडीचशे का दोनशे?"

"दोनशे."

त्यांनी मान हलवली, जणू आराखड्यात एक आकडा बसला. मी म्हणालो, साहेब, माफ करा. ते ऐकलंच नाही त्यांनी.

"अन् तिकडं मोरीमागं तीन होते, ते तू पाहिले."

"पाहिले, साहेब."

"मले माहीत होतं तू पाहिले. परत आला तेव्हा तुझा आवाज बदलला होता." मग ते म्हणाले, "बोरीचं तू पुऱ्या गावाले सांगितलं, पाठक. त्या तिघांचं कोणाले सांगितलं काय?"

मी आठवून पाहिलं. कोणालाच नाही. बायकोलाही नाही. तलावाकाठी किस्सा रंगवताना तो भाग मी गाळला होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"सांगू का आता?" मी म्हणालो. "साहेब, सगळं सांगतो. एक पोर होतं त्यांच्यात, करड्या पाठीचं..."

"नाही," ते म्हणाले. "जा तू."

मी चपला पायात घातल्या. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो. शेजारच्या बाई कुंपणाच्या भिंतीवर साड्या वाळत टाकत होत्या, त्यांनी मला फाटकाकडे जाताना पाहिलं असावं, कारण मी कडी काढत होतो तेवढ्यात त्यांनी तिकडून आवाज दिला, "काकाजी, कोण आलं होतं जी?"

मी कडीवर हात ठेवून उभा होतो. पाच पावलांवर.

"काय माहीत, बाई," ढोबळे साहेब म्हणाले. "मले दिसलं नाही."